खोडता येणारं पेन: मुलांच्या अक्षरासाठी कसं निवडावं, कसं वापरावं

पेन्सिलवरून पेनवर येणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा पेन घेऊन झाल्यावर. मूल पेनवर खूश असतं, पण पंधरा दिवसांत वही बघवत नाही. अक्षर फिकट, मधलेच शब्द तुटलेले, पानावर घासल्याच्या खुणा. दोष मुलाच्या हाताला दिला जातो. हस्ताक्षराचे वर्ग घेताना अशा वह्या मी सतत हाताळते, आणि बऱ्याचदा मुलाचा हात ठीक असतो, पेन चुकलेलं असतं.

ते चुकतं कारण निवडीचा क्रम उलटा होतो. दुकानात पेन हातात घेतलं की जो तो एक रेघ ओढतो आणि लगेच ती खोडून बघतो. खोडली गेली की पेन पसंत. पण मूल पानभर लिहितं आणि त्यातले चार-दोन शब्द खोडतं. म्हणून पेन लिहायला कसं आहे हे आधी बघा, खोडायला कसं आहे हे नंतर. खालचे टप्पे त्याच क्रमानं दिले आहेत. एखादा गाळला की त्याची किंमत पुढच्या टप्प्यात मोजावी लागते.

टप्पा १: हे पेन कुठे चालणार, ते आधी ठरवा

मुलाच्या सगळ्या वह्या टेबलावर काढा आणि एका कागदावर तीन रकाने करा: चालेल, विचारून चालेल, कधीच नाही.

पहिल्या रकान्यात वर्गपाठ, गृहपाठ, शुद्धलेखनाचा सराव, निबंधाचा पहिला मसुदा. दुसऱ्यात शिक्षक तपासून गुण देतात ते सगळं: प्रयोगवही, प्रकल्प, वर्गातली छोटी चाचणी. तिसऱ्यात परीक्षेची उत्तरपत्रिका, कुठलाही अर्ज, प्रमाणपत्र, सही, लिफाफ्यावरचा पत्ता. तिसऱ्या रकान्याबद्दल वाद नको. या शाईनं लिहिलेलं कुणीही मागमूस न ठेवता बदलू शकतं आणि ते आपोआपही जाऊ शकतं, म्हणून अनेक परीक्षांच्या सूचनांमध्ये अशी पेनं स्पष्टपणे नाकारलेली असतात.

शिक्षकांना विचारताना नुसतं "खोडायचं पेन चालेल का?" असं विचारू नका. त्यांच्या डोळ्यासमोर निळी शाई घासून कागद फाडणारं जुनं खरखरीत रबर असू शकतं. "घासल्यावर पुसली जाणारी जेल शाई आहे, वर्गपाठाला चालेल का, आणि तुम्ही तपासल्यानंतर मुलानं खोडलेलं चालणार नाही असं मी त्याला सांगू का?" असं नीट विचारा. दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. तपासलेल्या उत्तरात मुलानं बदल केला की शिक्षकांचा विश्वास उडतो, आणि मूल प्रामाणिक असलं तरी ते सिद्ध करता येत नाही.

*सावधान:* मुलाच्या दैनंदिनीत सही करताना पालक हाताशी आलेलं पेन उचलतात, आणि ते नेमकं कंपासपेटीतलं हेच पेन असतं. सहीसाठी वेगळं साधं पेन ठेवा.

टप्पा २: शाईचा प्रकार ओळखा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे जरा वेळ घालवा. "खोडता येणारं" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि तिन्ही वेगवेगळ्या पद्धतीनं खोडल्या जातात.

पहिली, उष्णतेनं रंग जाणारी जेल शाई. पायलट कंपनीचं फ्रिक्शन हे यातलं सगळ्यात परिचित नाव. त्याच तत्त्वावर आता इतरही बरीच पेनं निघाली आहेत. या शाईत रंगद्रव्य अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये बंद असतं. पेनाच्या मागच्या गुळगुळीत रबरानं घासलं की घर्षणानं कागद तापतो, साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास कुपीतल्या रसायनांची जोडी सुटते आणि रंग दिसेनासा होतो. शाई जागेवरच राहते, तिचा फक्त रंग जातो. म्हणूनच घासल्यावर चुरा पडत नाही. आणि म्हणूनच शून्याखाली बऱ्याच थंडीत, उणे १० ते उणे २० अंशांच्या दरम्यान, गेलेला रंग परत येतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप समजतात.

दुसरी, रबरासारखी चिकट शाई असलेलं बॉलपेन. ही शाई काही काळ कागदाच्या वरच्या थरावर बसून राहते आणि साध्या खोडरबरानं, चुरा पाडत, खरोखर उचलली जाते. हे काम लिहिल्यावर काही तासांत करावं लागतं. दिवस उलटला की शाई मुरते आणि मग डाग तेवढा उरतो. मोठी अडचण अशी की तोपर्यंत ती तळहातालाही लागते. पानावरून हात सरकवत लिहिणाऱ्या मुलाला मी हे पेन सुचवत नाही.

तिसरी, शाईच्या पेनासाठीचं रासायनिक खोडपेन. ते फक्त धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईवर चालतं. काळ्या किंवा पक्क्या शाईवर त्याचा उपयोग नाही. एका टोकातल्या द्रवानं निळा रंग जातो आणि त्या जागी पुन्हा लिहायला दुसऱ्या टोकाला वेगळी पक्की शाई असते, कारण ओल्या रसायनावर मूळ शाई टिकत नाही. हे दुहेरी काम लहान मुलांना झेपत नाही. टोपण उघडं राहिलं की टोक सुकतं, आणि टोक तोंडात घालायची सवय असलेल्या मुलाच्या हाती ते देऊच नये. शाईच्या पेनानं सराईतपणे लिहिणाऱ्या मोठ्या मुलांसाठी मात्र चांगलं आहे.

रोज वर्गात लिहिणाऱ्या बहुतेक मुलांसाठी पहिला प्रकार योग्य. पुढचे टप्पे प्रामुख्यानं त्याच्याबद्दल आहेत.

*तपासणी:* आवेष्टनावर प्रकार लिहिलेला नसेल तर एक शब्द लिहा, वाळू द्या, मागच्या रबरानं घासा आणि लगेच त्या जागी बोट लावा. कागद कोमट लागला आणि चुरा पडला नाही तर पहिला प्रकार. चुरा पडला तर दुसरा.

*सावधान:* गंमत म्हणून किंवा शिवणकामात कापडावर खुणा करण्यासाठी मिळणारी, आपोआप उडणाऱ्या शाईची पेनं दिसायला अगदी अशीच असतात. त्यातली शाई हवा लागून काही तासांत किंवा काही दिवसांत स्वतःच नाहीशी होते. शंका आली तर एक ओळ लिहून कागद दोन दिवस टेबलावर उघडा ठेवा आणि मगच पेन वर्गात जाऊ द्या.

टप्पा ३: टोकाची जाडी

ही पेनं साधारणपणे ०.४ ते १.० मिलिमीटरच्या टोकात मिळतात. शाळेच्या लिखाणासाठी खरी निवड ०.५ आणि ०.७ मध्येच असते.

देवनागरीत एका छोट्या चौकटीत बरंच काही मावावं लागतं. "राष्ट्र", "शुद्ध", "वाङ्मय", "ज्ञान", "संघर्ष", "सर्वेक्षण" हे शब्द ०.७ च्या टोकानं बारीक रेघांच्या वहीत लिहून बघा. जोडाक्षराचं पोट भरून येतं, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, रफार आणि मात्रा एकमेकांवर चढतात. ०.५ नं तेच अक्षर मोकळं दिसतं. म्हणून रेघांमधलं अंतर कमी असेल आणि मुलाचं अक्षर बारीक असेल तर ०.५.

मात्र जोरात दाबून लिहिणाऱ्या मुलाच्या हाती बारीक टोक कागद ओरखडतं, आणि ओरखडलेल्या जागी खोडूनही अक्षराचा ठसा वाचता येतो. नुकतंच पेन्सिलवरून आलेलं, दाब जास्त असलेलं, मोठं अक्षर काढणारं मूल असेल तर सुरुवात ०.७ नं करा. हात हलका झाला की ०.५ वर या. मुलाचं वय बघून टोक ठरवू नका, अक्षर बघून ठरवा.

रंगाबद्दल थोडक्यात: या प्रकारातला काळा बऱ्याचदा राखाडीकडे झुकतो. निळा तुलनेनं ठसठशीत दिसतो. वही तपासणाऱ्याचे डोळे आणि मुलाचे स्वतःचे डोळे, दोघांचाही विचार करून निळा घ्या.

टप्पा ४: पकड, आणि मागचं रबर

मुलानं स्वतःच्या हातात धरल्याशिवाय पेन घेऊ नका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जिथे टेकतात तो भाग घामानं निसटणारा नसावा, आणि त्याला अशा कडाही नसाव्यात की बोटावर वळ उठेल. फार जाड पेन लहान हाताला पेलत नाही; फार बारीक पेन घट्ट आवळलं जातं आणि मनगट दुखतं. पाच मिनिटं लिहून झाल्यावर मुलाची बोटं बघा. नखाखालचा भाग पांढरा पडला असेल तर एकतर पेन चुकीचं आहे किंवा दाब.

टोपणाचं पेन असेल तर टोपण मागे लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे लिहून बघा. मागे टोपण लावल्यावर पेन मागे झुकत असेल तर मूल नकळत अंगठा पुढे सरकवतं आणि अक्षर तिरपं होत जातं.

बटणाच्या पेनात एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. काही पेनांत रबर बटणाच्याच टोकाला असतं. घासायला गेलं की बटण आत दबतं, रबर डुगडुगतं, आणि मूल आणखी जोर लावतं. चांगल्या रचनेत क्लिप खाली ओढून टोक बाहेर येतं आणि मागचं रबर पक्कं बसलेलं असतं. विकत घेण्याआधी रबर टेबलावर टेकवून दाबा. ते आत गेलं तर ते पेन ठेवून द्या.

रिफिलही इथेच बघून घ्या. ही शाई साध्या बॉलपेनच्या रिफिलपेक्षा बरीच लवकर संपते, त्यामुळे त्याच पेनाची रिफिल सहज मिळते का हे आधी विचारा. मापानं बसणारी साधी जेल रिफिल यात घालू नका. मूल सवयीनं घासत बसतं, शाई पसरते, कागद फाटतो आणि पेन खराब झालं अशी समजूत होते.

टप्पा ५: मुलाच्या वहीवर चाचणी

दुकानातल्या चिठ्ठीवरची चाचणी जवळजवळ निरुपयोगी असते. तो कागद वेगळा असतो, मूल उभं असतं आणि लिहिणारे हात मोठ्यांचे असतात. एकच पेन घ्या, घरी आणा, मुलाला नेहमीच्या जागी बसवा आणि त्याच्या रोजच्या वहीच्या मधल्या पानावर हे याच क्रमानं करा:

१. रद्दी कागदावर तीन-चार गोल काढून शाई सुरू करून घ्या. नव्या टोकाची पहिली रेघ फसवी असते.

२. मुलाला त्याच्या नेहमीच्या वेगानं आठ-दहा ओळी लिहू द्या. त्यात जोडाक्षरं, अनुस्वार, "ळ", "क्ष", थोडे आकडे येऊ द्या. हळूहळू सुंदर लिहायला सांगू नका. रोज जसं लिहितं तसंच लिहू दे.

३. रेघ तुटते का बघा, विशेषतः शिरोरेषा ओढताना. लांब आडव्या रेघेत शाई मध्येच सुटत असेल तर पेन फार आडवं धरलं जातंय का ते तपासा. थोडं उभं धरूनही तुटत असेल तर पेन बाद.

४. शेवटच्या शब्दावर लगेच, आणि दुसऱ्या शब्दावर पाच आकडे मोजून, स्वच्छ बोट फिरवा. पाच मोजल्यावरही शाई पसरत असेल तर या वहीच्या गुळगुळीत कागदाशी तिचं जमत नाही.

५. पान उलटा आणि मागच्या बाजूलाही तेवढ्याच ओळी लिहून घ्या.

६. आता, आणि आताच, एका ओळीच्या मधला एक शब्द खोडा. शेजारचे शब्द फिकटले का? ओरखडा उठला का?

७. पान उलटून त्याच जागेची मागची बाजू बघा.

सातवी पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. एका मुलीच्या गणिताच्या वहीत मधूनमधून उत्तरंच नव्हती. तिनं गणितं अर्धवट सोडली असंच सगळ्यांना वाटलं, आणि ती रडकुंडीला येऊन "मी लिहिलं होतं" एवढंच सांगत होती. पान खिडकीच्या उजेडाला तिरपं धरलं तेव्हा रिकाम्या जागेत आकड्यांच्या खळगेवजा रेघा दिसल्या, बोटालाही लागल्या. पान उलटलं. तिनं मागच्या बाजूला जिथे जिथे जीव लावून खोडलं होतं, नेमकी त्याच जागांची पुढची उत्तरं विरली होती. घर्षणाची उष्णता पातळ कागदातून आरपार गेली होती. मुलगी पहिल्यापासून खरं बोलत होती.

मागच्या बाजूचं अक्षर फिकटलं तर दोनच मार्ग आहेत: जाड कागदाची वही, किंवा या पेनानं पानाच्या एकाच बाजूला लिहिणं.

८. खोडलेल्या जागी लगेच एक अक्षर लिहा, शेजारच्या खोडलेल्या जागी दहा आकडे मोजून दुसरं लिहा. पहिलं फिकट आलं तर कारण समजलं असेलच: कागद अजून गरम होता.

९. पानाचा मोबाइलवर फोटो काढा. गृहपाठ फोटो काढून पाठवायचा असेल तर डोळ्यांना दिसणारं अक्षर फोटोतही दिसायला हवं. फिकट शाई पिवळ्या उजेडात काढलेल्या फोटोत हरवते.

१०. दुसऱ्या दिवशी मुलालाच ते पान मोठ्यानं वाचायला सांगा. जिथे अडखळेल तिथे अक्षर बघा.

*तपासणी:* तिसरी, सातवी आणि दहावी पायरी जमली तर पेन घ्या. बाकीच्या त्रुटी सवयीनं भरून निघतात.

डावखुऱ्या मुलासाठी चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण त्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या शब्दांवरूनच पुढे सरकतो. शिवाय तो पेन ओढण्याऐवजी पुढे ढकलत लिहितो, त्यामुळे बारीक टोक अडतं. त्याला ०.७ देऊन बघा आणि वही थोडी तिरपी ठेवायला शिकवा, म्हणजे हात ओळीच्या खाली राहतो.

टप्पा ६: खोडायला शिकवा

पेन हातात दिलं म्हणजे मुलाला खोडता आलं असं होत नाही. पेन्सिल खोडायची सवय इथे उलटी पडते. पेन्सिलीचा खोडरबर भराभर मागेपुढे फिरतो. इथे तसं केलं की कागद चुरगळतो आणि शेजारची तीन अक्षरं उडतात. पहिल्या दिवशी मुलाशेजारी बसून हे करून दाखवा.

शाई वाळेपर्यंत थांबायचं, मनात पाच मोजायचे. ओल्या शाईवर रबर फिरवलं तर निळा फराटा ओढला जातो, आणि रबरही माखतं. मग ते माखलेलं रबर पुढच्या स्वच्छ पानावर डाग पाडतं. पानाखाली कडक पुठ्ठा सरकवायचा. त्यानं कमी जोरात काम होतं आणि खालच्या पानावरचं लिखाणही वाचतं. मोकळ्या हाताची दोन बोटं शब्दाच्या दोन्ही बाजूंना ठेवून कागद ताणून धरायचा. रबराचा सपाट माथा न टेकवता कड टेकवायची आणि छोट्या, एकाच दिशेच्या फटकाऱ्यांनी घासायचं. चार फटकारे, मग थांबून बघायचं. लागले तर आणखी चार. नंतर दहा मोजायचे आणि लिहायचं.

पूर्ण शब्द खोडावा की एक अक्षर? माझं मत स्पष्ट आहे: देवनागरीत पूर्ण शब्द. मधलं एकच अक्षर खोडलं की शिरोरेषा तुटते. जोडलेली रेघ जोडावर गडद दिसते आणि नवं अक्षर दोन जुन्यांच्या मध्ये कोंबलं जातं. "पाणी"च्या जागी "पाणि" लिहिलं असेल तर वेलांटी कुठे येते ते बघा: ती "ण"च्या आधी आहे, न्यायची आहे नंतर. जागाच नसते. शब्द खोडून नव्यानं लिहिला की तो एका दमात लिहिलेला दिसतो, आणि हाताला बरोबर शब्दाची एक आवृत्ती जास्त मिळते.

*सावधान:* या रबरानं पेन्सिल खोडू नका. शिसं त्यावर बसतं आणि पुढच्या वेळी पानावर काळे पट्टे उमटतात. पेन्सिलीसाठी वेगळा खोडरबर कंपासपेटीत राहू द्या.

टप्पा ७: उष्णतेपासून जपा

रबराला जे जमतं ते कुठल्याही गरम वस्तूला जमतं. उन्हात उभ्या बंद गाडीत राहिलेलं दप्तर, चालू लॅपटॉपच्या गरम बाजूला टेकलेली वही, हीटरशेजारचं कपाट: यातलं काहीही पान कोरं करू शकतं. भिजलेली वही इस्त्रीनं किंवा हेअर ड्रायरनं वाळवायला गेलात तर हमखास. या शाईनं लिहिलेला प्रकल्प लॅमिनेट करायला दिला तर यंत्रातून पान कोरं बाहेर येतं, आणि लेझर प्रिंटरमध्ये अशा पानाच्या मागे छपाई केली तरी तेच. वही थेट उन्हात उघडी पडून राहिली तर अक्षर हळूहळू फिकट होत जातं. वर्षभर जपून ठेवायच्या टिपणांसाठी म्हणूनच हे पेन नको.

पेन स्वतः तापलं तरी बिघडतं. आतली शाई रंगहीन होते आणि टोकातून पाण्यासारखी रेघ उमटते. ते फेकू नका.

मजकूर किंवा पेन परत आणायचं असेल तर:

१. वही किंवा पेन हवाबंद प्लास्टिक पिशवीत घाला. हवा दाबून काढा.

२. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून उपयोग नाही. फ्रीझरमध्येच ठेवा, घरगुती फ्रीझर साधारण उणे १८ अंशांपर्यंत जातो, तेवढी थंडी लागते. रात्रभर राहू द्या.

३. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतलं तापमान खोलीइतकं होऊ द्या, नाहीतर कागदावर दव धरतं आणि पान ओलं होतं.

फ्रीझरला काय पुसलं गेलं आणि काय खोडलं, यातला फरक कळत नाही. मुलानं मुद्दाम खोडलेले शब्दही परत येतात आणि नव्या शब्दांखाली डोकावतात. भरपूर खोडाखोड असलेलं पान असेल तर परत आलेलं बघून दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या.

टप्पा ८: पहिले पंधरा दिवस अक्षरावर नजर ठेवा

पानाच्या समासात प्रत्येक खोडण्याला एक छोटा टिंब द्यायला मुलाला सांगा. रागवायला नाही, मोजायला. आठवड्यानं पानं चाळा. पानाला दोन-तीन टिंब म्हणजे सगळं ठीक. आठ-दहा असतील तर कारण शोधा. तेच शब्द पुन्हा पुन्हा खोडले असतील तर शुद्धलेखन कच्चं आहे. ओळीच्या शेवटचे शब्द खोडले असतील तर घाई होते आहे.

आणि बरोबर लिहिलेले शब्द फक्त अजून छान दिसावेत म्हणून खोडले असतील, तर मुलाला चुकीची भीती बसली आहे. या तिसऱ्या कारणाकडे कळकळीनं लक्ष द्या. एका मुलानं अर्ध्या तासात चार ओळी लिहिल्या होत्या. प्रत्येक "श" त्यानं तीनदा काढला होता आणि पान त्या जागी मऊ, लोकरी झालं होतं. त्याला मी महिनाभर कच्च्या वहीत साधं बॉलपेन दिलं आणि चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारून पुढे जायला शिकवलं. खोडता येणारं पेन फक्त पक्क्या वहीत. त्याचा वेग परत आला, आणि "श" देखील सुधारला, कारण तो आता खोडण्याऐवजी लिहून लिहून सुधारत होता. कच्चं लिखाण न खोडता, पक्कं लिखाण हवं तर खोडून: ही विभागणी मी आता सगळ्याच मुलांना घालून देते.

दुसरी नजर दाबावर. तीन कोरे कागद एकावर एक ठेवून मुलाला वरच्या कागदावर लिहायला सांगा. तिसऱ्या कागदावर ठसा बोटाला लागत असेल तर हात जड आहे. जेल शाईला दाब लागतच नाही. टोकातली गोळी फिरली की पुरे. "वरच्या पानाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत, खालच्याला कळता कामा नये," एवढं सांगितलं की लहान मुलांना नेमकं समजतं. दर दोन-तीन दिवसांनी तीन कागदांचा हा खेळ पुन्हा करा.

परीक्षेच्या किमान एक महिना आधी, परीक्षेत जे पेन वापरायचं आहे त्यावर मुलाला आणा. गोळी किती सहज फिरते, शाई किती वेळात वाळते, पकड किती जाड आहे, सगळंच वेगळं असतं. ऐन वेळी बदललं तर पहिली दोन पानं हात जुळवण्यात जातात. सरावाच्या उत्तरपत्रिका त्याच पेनानं सोडवून घ्या, आणि चूक झाली की एक रेघ मारून पुढे जायचं हेही त्यातच घोटून घ्या.

खोडता येणाऱ्या पेनाच्या टोपणाजवळ रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा घालून ठेवा. दोन निळी पेनं कंपासपेटीत शेजारी असली की घाईत फरक कळत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाकडूनच पेटी रिकामी करून घ्या, पट्टीवालं पेन घरी ठेवायला लावा, आणि उरलेल्या प्रत्येक पेनानं एक रेघ ओढून ती कशानं तरी घासून बघा. रेघ राहिली तरच पेन पेटीत जाऊ द्या.